परत पाठवणाऱ्या कासारे मॅडम

कासारे मॅडमनी पहिल्या भेटीत मला 'बस' म्हटलं नव्हतं. दारातच उभं ठेवून त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या कॅप्टन दळवींच्या चष्म्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चष्मा लावून विमान उडतं ना?"

"हो मॅडम."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत घोकून आलो होतो. पण त्यांच्यासमोर ते एकदम पोकळ वाटायला लागलं.

डॉ. वत्सला कासारे यांचा दवाखाना घाटकोपर पूर्वेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर होता. जिना चढताना तळणीचा वास बरोबर यायचा. डोळ्यांत ड्रॉप्स घातलेले पेशंट धूसर नजरेने जिना उतरायचे आणि नाकाच्या आधारे थेट पापडीपाशी जाऊन उभे राहायचे. "खालचा दुकानदार मला दिवाळीला मिठाई पाठवतो, ती काय उगाच नाही," असं मॅडम म्हणायच्या. साठीच्या पुढे गेलेल्या, ठेंगण्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. टेबलावर बुद्धाची हातभर उंचीची मूर्ती, आणि त्या मूर्तीला टेकवून ठेवलेली टॉर्च.

मी मूळचा मेहकरचा. बाबा एसटीत ड्रायव्हर. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तिथून विमानाच्या कॉकपिटमध्ये कसा पोचलो, त्यात माझ्यापेक्षा इतरांचेच कष्ट जास्त आहेत. मी को-पायलट झालो तेव्हा बाबांच्या डेपोतल्या लोकांनी मला हार घातला होता. हे सांगायचं कारण एवढंच, की माझे डोळे हे फक्त माझे राहिलेले नव्हते.

आमच्या नोकरीत चष्मा चालतो. पण तासन् तास कानांवर हेडसेट असला की चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात, डोकं ठणकायला लागतं. म्हणून मी कॉन्टॅक्ट लेन्स लावायला लागलो. कॉकपिटची हवा इतकी कोरडी, की त्या लेन्सनी डोळे लाल व्हायला लागले. मग जो तो सांगायला लागला, "लेझर करून टाक, दहा मिनिटांचं काम." काम दहा मिनिटांचं असेलही. पण ते बिघडलं आणि रात्रीचे दिवे पसरट दिसायला लागले, तर चष्म्यानेही ते सुधारत नाहीत. लायसन्सची वैद्यकीय तपासणी तिथेच संपते. एका चुकीच्या हातात डोळे दिले, तर मेहकरपासून इथवरचा सगळा रस्ता पुसला जाणार होता.

आधी मी अंधेरीच्या एका मोठ्या सेंटरमध्ये गेलो होतो. सगळीकडे काचा, थंडगार हवा, कॉफी. एका हसऱ्या मुलीने मला मशीनचा व्हिडिओ दाखवला. "सर, शनिवारी करा, सोमवारी ड्यूटी!" मी विचारलं, ऑपरेशन कोण करणार? ती म्हणाली, "आमची टीम आहे ना सर." त्या डॉक्टरांना आज भेटता येईल का? "ते डायरेक्ट त्या दिवशीच भेटतात." मी कॉफी संपवली आणि निघून आलो.

हे सगळं मी दळवी सरांना सांगितलं. हे माझे सीनियर, गोरेगावला राहणारे, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. ते म्हणाले, "तू घाटकोपरला चल. एक बाई आहे. तिने मला हाकललं होतं."

"मग तिच्याकडे कशाला जायचं सर?"

"म्हणूनच जायचं ना यार! माझा कॉर्निया पातळ आहे म्हणाली. बुबुळावरची काच रे, तीच कोरतात हे लोक. दुसऱ्या दोघांनी सांगितलं होतं, झकास होऊन जाईल. ही म्हणाली, मरेपर्यंत चष्मा लाव आणि मरेपर्यंत उड. अजून उडतोय बघ."

तर असे आम्ही दोघं त्या दारात उभे होतो. शेवटी मॅडमनी मला मशीनपुढे बसवलं. हनुवटी टेकवून मी दिव्याकडे बघत राहिलो आणि मॅडम पडद्यावर माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा बघत राहिल्या.

"लेन्स किती दिवस काढल्यायत?"

मी तोंड उघडायच्या आत मागून दळवी सर म्हणाले, "महिना झाला मॅडम, महिना!"

मॅडमनी मान वळवली नाही. मलाच म्हणाल्या, "तुझा डोळा मला वेगळंच सांगतोय."

"काल सकाळपर्यंत होत्या," मी म्हटलं.

"दळवी, तुम्ही अजून तसेच आहात."

"सवय हो मॅडम," दळवी सर ओशाळून हसले. "डॉक्टर दिसला की तोंडातून आपोआप निघतं, सगळं ठीक आहे."

यात विनोद होता, पण तो सगळ्या पायलटांच्या घरचा विनोद आहे. आमचं उडणं दर वर्षी एका डॉक्टरच्या सहीवर ठरतं. त्यामुळे डॉक्टरसमोर आम्हाला कधी काही होत नाही. सर्दी झाली तर धूळ, पाठ धरली तर गादी खराब. नव्या पोराला हे कोणी शिकवत नाही, तो आपसूक शिकतो.

मॅडम खुर्ची मागे सारून म्हणाल्या, "लेन्सने डोळ्याची काच दबते. तिचा आकार बदलतो. दबलेल्या आकारावर मी माप घेतलं, तर लेझर त्या खोट्या मापाने कोरणार. ब्लाउज बिघडला तर उसवता येतो रे, हे उसवता येत नाही. जा आता. लेन्स डब्यात टाक. तो डोळा मूळ आकारावर आला की मग बोलू."

"किती दिवस लागतील मॅडम?"

"ते मी नाही, डोळा ठरवणार."

बाहेर काउंटरवर परबकाका बसायचे. मालवणचे. आमचे चेहरे बघून त्यांनी पाण्याचे ग्लास पुढे केले. "रडा नको हां. हयसर सगळे पयले रडतत, मागसून पेढे घेवन येतत."

त्यानंतर पावसाळाभर मी दर थोड्या दिवसांनी घाटकोपरला जात राहिलो. नकाशा काढायचा, आधीच्या नकाशाशेजारी ठेवायचा, मॅडम म्हणायच्या "अजून हलतोय", की परत. या फेऱ्यांमध्ये मला त्या बाई कळत गेल्या.

त्यांची एक पद्धत होती. पेशंटने डोळ्याची तक्रार सांगायला सुरुवात केली की त्या हात वर करायच्या. "डोळ्याचं नंतर. तुझा दिवस सांग." मग माणूस गोंधळून सांगायला लागायचा, उठतो, चहा, अमुक वाजता बाहेर. त्या मधेच विचारायच्या, "चहा पिताना पेपर कुठल्या हातात?" जवळच्याच असल्फ्याचा एक रिक्षावाला संध्याकाळी नीट दिसत नाही म्हणून आला होता. त्याचा दिवस ऐकता ऐकता मॅडम उठल्या, जिना उतरून रस्त्यावर गेल्या आणि त्याच्या रिक्षात जाऊन बसल्या. आम्ही वाट बघणारे सगळे खिडकीत. त्याने उन्हासाठी पुढच्या काचेला काळी फिल्म लावली होती. मॅडमनी नखाने तिचा कोपरा सोडवला आणि सर्रकन ओढून काढली. "तुझा डोळा ठीक आहे. काच आजारी होती." वर येऊन हात धुतले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या माणसांना त्यांच्या कामाने हाक मारायच्या. "ए टेलर, आत ये." "ए गणित, तू थांब." गणित म्हणजे शिकवणीच्या बाई. मी अर्थातच 'ए पायलट'.

एकदा एक मुलगी आईबरोबर आली होती. लग्न तोंडावर आलेलं. आईचा हट्ट, की लग्नाच्या फोटोत चष्मा नको. मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, होणार नाही, हिचा डोळा या ऑपरेशनला योग्य नाही. आई चिडली. "दुसरे डॉक्टर करतायत की!"

"करतील. डोळा मात्र हिलाच वापरायचाय." मग मुलीकडे वळून, "काय गं, मुलाने तुला चष्म्यात बघूनच हो म्हटलं ना?"

मुलगी म्हणाली, "त्याचा नंबर माझ्यापेक्षा जास्त आहे."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की आईलाही हसू आवरेना. ती मुलगी नंतर नवऱ्याला घेऊन आली, दोघं चष्म्यात, आणि हातात खरंच पेढे. परबकाकांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

गणपती झाल्यावर केव्हातरी माझा नकाशा हलायचा थांबला. मला वाटलं, आता तारीख मिळणार. पण मॅडम म्हणाल्या, "तुझा दिवस ऐकला. रात्र राहिली." आणि मला इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेल्या.

घाटकोपरवरून विमानं किती खालून जातात, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. चाकं बाहेर काढलेली, पोटावरची अक्षरं वाचता येतील इतकी जवळ. अंधारून आलं होतं. कपड्यांच्या दोऱ्यांमध्ये उभ्या राहून मॅडमनी वर बोट केलं.

"माझं अर्धं आयुष्य यांच्या आवाजात गेलं. आता तू त्यात बसलायस. सांग, पुढे काय दिसतंय?"

मी सांगायला लागलो. खाली सगळी मुंबई दिव्यांची, आणि त्या दिव्यांतून आपली धावपट्टी शोधायची. तिच्या कडेला एका ओळीत चार दिवे असतात. आपण बरोबर उतारावर असलो तर दोन पांढरे, दोन लाल दिसतात. लाल वाढले तर आपण खाली आलोय.

"ते किती लांबून बघायचे?"

"चांगल्या चार-पाच मैलांवरून."

"आणि समज, प्रत्येक दिव्याभोवती वलय आलं. लाल पांढऱ्यात मिसळला."

एक विमान आमच्यावरून गेलं, दोरीवरचे टॉवेल हलले. मॅडम ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या ये. अंधारात तुझी बाहुली किती मोठी होते ते परत मोजायचंय. मोठी बाहुली असली की वलयं येतात. आणि काचेचा पापुद्रा उचलून करतात ती पद्धत तुला नको. वरच्या वर करायचं. दुखेल जास्त, बरं व्हायला वेळ लागेल, पण पुढे धक्का लागून काही सरकायचं भय नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली पूर्ण काळी करून बाहुली मोजली. एकदा, पुन्हा, पुन्हा. दिवा लावला तेव्हा त्या हसत होत्या. "तू बसतोस या मापात."

मी इतका आनंदलो की उभाच राहिलो. "मग तारीख कधी मॅडम?"

"तारीख तू दुसरीकडे घे. मी नाही करणार."

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. मला तो नेहमीसारखाच दिसला. त्या म्हणाल्या, "बघत राहा." मी बघत राहिलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अगदी बारीक हलत होती. पंख्याच्या वाऱ्याने कागदाची कड हलावी तशी.

"गेल्या दिवाळीत लक्षात आलं. तेव्हापासून मी ऑपरेशन केलेलं नाही."

"पण मॅडम, लेझर तर मशीनच मारतं ना?"

"आणि विमान मशीनच उडवतं, नाही का?"

मग मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं थांबायला?"

"कोण सांगणार? कोणाला दिसलंसुद्धा नव्हतं. परबला अजून खोटं वाटतं." त्यांनी हात मांडीवर घेतला. "तुमची दर वर्षी तपासणी होते, तुम्ही शिव्या घालता. आमच्या हातांची कोणी घेत नाही रे. ती आम्हीच घ्यायची."

आयुष्यभर डॉक्टरांपासून लपवणाऱ्यांच्या धंद्यात मी होतो. आणि माझ्यासमोर एक डॉक्टर कोणी न विचारता स्वतःला खाली उतरवून बसली होती. खालून कढईचा आवाज येत होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "ते नको. बस."

त्यांनी मला दोन नावं दिली आणि वर बजावलं, "मी म्हणते म्हणून जाऊ नकोस. जाऊन बस, बोल. विचार, हात कोणाचा असणार? दुसऱ्या दिवशी बघणार कोण? बिघडलं तर काय करणार? आणि शेवटी विचार, आजवर कोणाला परत पाठवलंत? त्याचं उत्तर पटकन आलं पाहिजे."

दोन्हीकडे गेलो. त्यातल्या मुलुंडच्या डॉ. हेतल शहा या कासारे मॅडमच्याच हाताखाली शिकलेल्या. मॅडमनी काढलेले सगळे नकाशे मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि बाजूला सारून म्हणाल्या, "चला, मशीनपुढे बसा."

"मॅडमनी घेतलंय ना माप?"

"मॅडमनीच शिकवलंय, मॅडमचंही माप परत घ्यायचं." आणि कोणाला परत पाठवलंत, हा प्रश्न मी पूर्ण करायच्या आतच त्या म्हणाल्या, "आज सकाळीच एकाला. फार रागावून गेला."

मी तिथेच ठरवलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा मेहकरहून आले होते. कासारे मॅडमही आल्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही आत या ना, मला बरं वाटेल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "हेतलच्या कॉकपिटमध्ये मी कशाला? ती माझ्याकडे बघत बसेल. तू फक्त दिव्याकडे बघ." आणि त्या बाहेर बाकड्यावर बाबांशेजारी बसल्या.

आत काय झालं ते थोडक्यात सांगतो. एक लुकलुकणारा ठिपका, मशीनची टकटक, जळक्या केसांसारखा वास आणि हेतल मॅडमचा शांत आवाज. संपलं तेव्हा बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. मला आधी वाटलं भास आहे. नंतर बाबांनी सांगितलं. मॅडमनी त्यांनाही दिवस सांगायला लावला होता. एसटीतल्या नजरेच्या तपासणीचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या डेपोत त्या पाटीवरची अक्षरं सगळ्यांना पाठ होती बाई. एकाने तर डॉक्टरनं पाटी टांगायच्या आधीच म्हणून दाखवली." मॅडमच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मलाही पाठ होती," बाबा म्हणाले. "पण दिसतही होती, देवाशप्पथ."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आधी दुखणं, आणि ते गेल्यावर धुकं. आठवडे उलटले तरी बसचे नंबर पसरट दिसत होते. बाबा समोर काही बोलायचे नाहीत, पण मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा प्रयत्न करताना ते दारात उभे असायचे. एका सकाळी धीर सुटला आणि मी कासारे मॅडमना फोन केला.

"मॅडम, वाट लागली वाटतं."

"हेतलला सांगितलंस?"

"नाही. वाटलं, त्यांना वाईट वाटेल."

"परत सुरू झालं का तुझं 'सगळं ठीक आहे'?" त्या इतक्या जोरात ओरडल्या, की बाबांनी आतून डोकावून पाहिलं. "आत्ता मुलुंडला जा. जे दिसतंय ते सांग, जे नाही दिसत ते आधी सांग."

गेलो, सगळं सांगितलं. ड्रॉप्स बदलले गेले. धुकं हळूहळू विरत गेलं, इतकं हळू, की कोणत्या दिवशी गेलं ते मला सांगता येणार नाही. नियमाप्रमाणे काही महिने जमिनीवर काढले आणि मग पुन्हा त्या तपासणीला उभा राहिलो. अंधाऱ्या खोलीतली, झगझगीत दिव्यासमोरची, सगळी. डॉक्टरांनी सही केली. दळवी सरांनी फोनवर आरोळी ठोकली. मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि घाटकोपरला गेलो.

मॅडम त्यानंतर लवकरच लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. फोन होतो कधीमधी, पण भेट ती शेवटची.

त्या दिवशी मॅडम वर दवाखान्यात नव्हत्या. समोरच्या फुटपाथवर, कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रस्त्यापलीकडे फरसाणाच्या दुकानाच्या वर शिडी लावून एक पेंटर चढला होता आणि त्यांच्या पाटीवर काम करत होता. मॅडमचं नाव तसंच होतं, त्याखालचं 'नेत्रतज्ज्ञ'ही. सगळ्यात खाली 'डोळ्यांची शस्त्रक्रिया केली जाते' अशी ओळ होती, तिच्यावर तो पांढरा रंग मारत होता.

मी पेढे पुढे केले. त्यांनी पुड्याकडे पाहिलं, माझ्या चष्मा नसलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, सगळं समजल्या. एक पेढा तोंडात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा पाटीकडे वळल्या.

"झालं मॅडम!" पेंटर वरून ओरडला. "आता काय दिसत नाय!"

मॅडमनी डोळे बारीक केले. "मला या अंतरावरून नाही कळत. काय रे पायलट, तुला दिसतंय का अजून?"

पेंटर शिडीवरून माझ्याकडे बघत होता. नाही म्हणा साहेब, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. मलाही नाहीच म्हणावंसं वाटलं. एवढ्या वर्षांची ती ओळ, तिच्यावर आणखी एक हात मारायला मी कसं सांगणार? पण पांढऱ्या रंगाखालून निळी अक्षरं फिकट दिसत होती. रिक्षा, माणसं, सगळ्यांच्या पलीकडे.

"दिसतंय मॅडम," मी म्हटलं. "पूर्ण वाचता येतंय."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ. मग तोंडाशी हात धरून रस्त्यापलीकडे ओरडल्या, "ऐकलंस ना? अजून दिसतंय म्हणतोय. मार अजून एक हात!"